पाठ तुडवून टेन्शन जातं का?

ताई नमस्कार, मी लातूरला नीटच्या क्लासला फिजिक्स शिकवतो. वय 41. सकाळी साडेसहाच्या बॅचपासून रात्री आठपर्यंत फळ्यासमोर उभा, घरी आलो की पालकांचे फोन, रात्री दोनला जाग येते ती येतेच. मान अन् उजवा खांदा पार लाकूड झालाय. आमच्याकडं आता थाई मसाजचं सेंटर निघालंय, दीड तासाचे अडीच हजार सांगतेत. मित्र म्हणतो एकदा जाऊन ये, टेन्शन मुळासकट जातं. बायको म्हणते कपडे काढून कुणाकडून बी अंग चोळून घ्यायचं का? काय करू?
– एक सर, लातूर

सर, आधी वहिनींचं घेते. खऱ्या थाई मसाजमधे कपडे काढतच नाहीत. उलट तेच सैल सुती पायजमा-सदरा देतात, जमिनीवर गादी असते, तेलाचा थेंब नाही. अंगठे, तळहात, कोपर, गुडघे, वेळ पडली तर पाय, असं सगळं वापरून दाबत जातात आणि मधेमधे हातपाय धरून ताणतात, म्हणजे आसनं आपण करायची नाहीत, समोरच्यानं आपल्याकडून करून घ्यायची. आपल्याकडं आजोबा सोयाबीनची रास झाल्यावर पालथे पडायचे आणि नातवाला पाठीवर चढवून "तुडव रे जरा" म्हणायचे ना, तेच, फक्त शिकलेल्या पायांनी.

पण वहिनींची शंका अगदीच फालतू नाही हो. आपल्याकडं कशावरही थाई नावाचा बोर्ड लागतो. फोन करून सरळ विचारा, गादीवर करता का टेबलवर, कपडे अंगावर राहतात का, करणारे कुठं शिकले. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले की फोन ठेवा. आणि जायचंच ठरलं तर वहिनींना बी सोबत न्या, त्यांच्याही कंबरेला काही कमी काम नसतं.

मी स्वतः बँकॉकला वाट फो मंदिरात करून घेतलाय. तिथं 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे आणि आवारातच मसाजची शाळा, 1955 पासूनची. माझ्या वाट्याला आल्या त्या बाई पन्नाशीच्या, माझ्या निम्म्या अंगाच्या. पाय धुतले आणि तळव्यापासून सुरू केलं. मी मनात म्हणतेय, बाई मान दुखतीय माझी, तू पोटऱ्या काय दाबत बसलीस. मग मांडीच्या बाहेरच्या अंगाला कोपर टेकवलं तेव्हा मला आई आठवली. शेजारच्या गादीवरची म्हणाली 'बाव बाव' म्हणा, म्हणजे हळू. म्हटलं. बाई हसल्या, थोडं हळू झालं. आणि मग त्यांनी माझ्या जबड्यावर नुसतं बोट ठेवलं, तेव्हा कळलं की मी इतका वेळ दात आवळूनच पडले होते, आणि फक्त तिथंच नाही, बहुतेक वर्षभर.

टेन्शनचं तसंच असतं. खांदे कानाकडं चढतात, श्वास वरच्यावर होतो आणि आपल्याला पत्ताच नसतो. एका लयीत हळूहळू दाब पडत गेला की श्वास लांबतो, आवळलेला स्नायू सुटतो, त्या रात्री झोप बरी लागते. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं वाटेल, घाबरू नका. मान-कंबरेच्या दुखण्यात काही दिवस आराम पडतो हे खरं. पण मुळासकट जातं हे तुमचा मित्र उगाच बोलतोय. रात्री आठनंतर पालकांचे फोन सुरूच राहिले तर पुढच्या रविवारी खांदा पुन्हा जागेवर. मी म्हणेन महिन्यातून एकदा हौस म्हणून जा, आणि दोन बॅचच्या मधे पाच मिनिटं खांदे फिरवा, ते फुकट आहे. दोनला जाग येणं महिनोन्महिने चालू असेल तर एकदा डॉक्टरला सांगाच. हातात मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर आधी हाडांच्या डॉक्टरकडं, सेंटरवर नंतर. बीपी असेल तर तेही सेंटरवाल्यांना सांगा. आणि गादीवर आडवं व्हायच्या आधीच बजावून ठेवायचं, मान कडकन मोडायची नाही. माझी तर कुणी मोडायला आलं तर मी उठून बसते.

ताई, आई 63 वर्षांची आहे, शुगर आहे, गुडघे धरतेत. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी घरीच थाई मसाज करू का?
– परभणी जिल्ह्यातून एक लेक

नको गं. ते ओढणं-ताणणं अजिबात नको. या वयात हाडं ठिसूळ असू शकतात, व्हिडिओतल्या पोरीची आणि आईची कंबर एक नसते. एकाच पोटरीला सूज असेल, ती गरम लागत असेल तर तिथं दाबायचंच नाही, त्याच दिवशी दवाखाना, आत रक्ताची गाठ असू शकते.

त्यातली एक गोष्ट मात्र घरी जमते, पुरचुंडीचा शेक. थाई लोक तिला लूक प्राकोब म्हणतात. हळद, गवती चहा, कापूर, आल्याच्या जातीचं एक कंद असं सुती कापडात बांधून वाफवतात आणि अंगावर टेकवत जातात. ते कंद सोडून बाकी सगळं तुझ्या परसात आणि देवघरात आहेच. पण शुगरवाल्यांच्या पायाला बऱ्याचदा चटका कळत नाही, म्हणून आईच्या पायांना शेक द्यायचाच नाही. खांद्याला, पाठीला दे, तेही आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघ, तुला जास्त गरम लागलं तर आईला नको. आणि हळदीनं पातळ पिवळं होतं, जुनंच नेसव.

ही मसाज आपल्याकडूनच तिकडं गेली म्हणतात, खरं का?
– नांदेड

थाई परंपरा तिचा आद्य गुरू मानते तो जीवक, बुद्धांचा वैद्य, राजगृहाचा, तक्षशिलेत शिकलेला. आजही तिथं मसाज सुरू करण्याआधी बरेच जण त्याला हात जोडतात. ते ज्या रेषांवर दाबतात त्यांना सेन म्हणतात, मुख्य दहा, त्यातल्या तिघींची नावं इत्था, पिंगखला, सुमना. आपल्या योगातल्या नाड्या इडा, पिंगळा, सुषुम्ना, तसंच वाटलं ना? मलाही वाटलं. पण म्हणून सगळं आपलंच म्हणून मिरवू नये, शेकडो वर्षं घासून-पुसून, शिकवून ठेवलं ते त्यांनी. एकोणिसाव्या शतकात राजा तिसरा राम यानं वाट फोमधे या रेषांच्या आकृत्या दगडात कोरून घेतल्या, कुणीही येऊन वाचावं म्हणून. 2019 साली युनेस्कोनं ही मसाज वारसा यादीत घेतली ती थायलंडच्या नावानं.

बँकॉकचा योग येईल तेव्हा येईल, नांदेडहून अजिंठा तर त्यामानानं जवळच. 26 नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे, सुमारे 7 मीटर. वाट फोमधली सोन्याचा वर्ख लावलेली, झळाळती, आपली काळ्या दगडातली, पण उजव्या कुशीवर पहुडणं तेच. गेलात तर मूर्तीच्या चेहऱ्याकडं जरा थांबून बघा, जबडा कुठं आवळलेला दिसतो का.