बीएस्सीला ओपन इलेक्टिव्ह म्हणून समाजशास्त्र घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला 'समाजशास्त्राची ओळख' हा पेपर घ्यावा का, त्यात मार्क पडतात का, आणि पुढे युपीएससीला त्याचा उपयोग होतो का. एवढंच विचारलं असतंत तर वाचून पुढे गेले असते. पण खाली तुम्ही जोडलंय की 'मित्र म्हणतात, तो सगळा कॉमन सेन्स आहे, न वाचता पास होता येतं.' हे वाक्य आमच्या तात्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की गप्प बसवत नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सांगली जिल्ह्यात आमचं गाव, उसाची शेती, एकत्र कुटुंब. घरातली पोरं इंजिनिअरिंगला नाहीतर बीएस्सी ॲग्रीला गेलेली. मी बीएला नाव घातलं तेव्हा तात्या म्हणाले, "घाल. लग्न ठरेपर्यंत कुठंतरी जायला हवंच की." विषय कुठला ते कळल्यावर तर हसायलाच लागले. "माणसं माणसांशी कशी वागतात हे शिकायला फी भरायची? पारावर जाऊन बस, फुकट शिकशील."

व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, समूहाचे प्रकार, सामाजिकीकरण, स्तरीकरण हे सगळं कुठल्याही गाइडात मिळेल, ते इथं सांगत बसत नाही. आमचे सर नशिबानं गाइडवाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. दुसऱ्या महायुद्धात जास्त शिकलेल्या अमेरिकन सैनिकांना कमी शिकलेल्यांपेक्षा मानसिक त्रास जास्त झाला. आणि खेड्यातून आलेले सैनिक शहरातल्या सैनिकांपेक्षा खुशीत होते. का, ते सांगा म्हणाले. आम्ही धडाधड कारणं दिली : शिकलेला माणूस विचार जास्त करतो, खेड्यातल्याला कष्टाची सवय असते. सगळ्यांना पटलं. मग सर म्हणाले की पाहणीत निघालं होतं ते याच्या बरोबर उलटं. पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञानं १९४९ साली एका लेखात वाचकांची अशीच गंमत केली होती. उलटं उत्तर सांगितलं असतं तर आम्ही त्याचीही कारणं तितक्याच झटपट दिली असती, आणि 'हे तर माहीतच होतं' असंच म्हटलं असतं. तात्यांचा कॉमन सेन्स तो हाच.

नंतर प्रोजेक्ट आला. घरातली कुठलीही एक जुनी वही घ्या, किराण्याची, दुधाची, भिशीची, आणि माणसांना काही न विचारता नुसत्या वहीवरून ते घर कसं आहे ते लिहा. मी ताईच्या लग्नातली आहेराची वही घेतली. ज्यांच्याकडं अशी वही असते त्यांना ती कशी असते ते सांगायला नको. नाव, गाव, आहेर काय आला, आणि शेवटच्या रकान्यात आईची बरोबरची खूण, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्यात आपण तो फेडला. ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं खुणा भरपूर होत्या. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मी झेरॉक्स काढल्या.

वही आमच्या मंडपासारखीच बसवलेली होती. आधी भावकी, मग पाव्हणे, मग गावातली मंडळी, मग तात्यांचे कारखान्यावरचे ओळखीचे. पाव्हण्यांची पानं बघताना पहिली गोष्ट लक्षात आली की गावं पार कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंतची, जात मात्र एकच. शेजारच्या गुरवाच्या घराशी आमचं पिढ्यान्‌पिढ्या जाणं-येणं, पण ते नाव पाव्हण्यांच्या पानावर कधी येणार नाही, आणि दीडशे किलोमीटरवरचं कधी न पाहिलेलं घर सहज येतं. डॉ. आंबेडकर १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असताना त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता, त्यात जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळं, हा मुख्य मुद्दा आहे. सरांनी तो वर्गात सांगितला तेव्हा परीक्षेपुरता लिहून घेतला होता. वहीत तो तपशीलवार मांडलेला दिसला, गावांच्या नावासकट.

दुसरी गोष्ट, फेड कधीच बरोबरीत नव्हती. एक्कावन्न आले तिथं एकशेएक गेले, साडी आली तिथं साडी आणि वर टॉवेल-टोपी. आईला विचारलं तर म्हणाली, "तेवढंच परत केलं तर संबंध मिटवल्यासारखं दिसतं." मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर जे लिहिलं, की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात, ते मला नंतर एमएला कळलं. आईला ते आधीपासून येत होतं. इथवर तात्या बरोबर, असं म्हणायला माझी हरकत नाही.

पण शेवटचं पान होतं बौद्धवस्तीचं. अकरा रुपये, एकवीस रुपये, स्टीलचा डबा, एका घराकडून चांगली पितळी घागर. आणि शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. त्या घरांत मधल्या काळात लग्नं झाली नव्हती असं नाही. पत्रिका आमच्याकडं येत होत्या, देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. आई गोंधळली. "अगं, त्यांना आपण वरचेवर देतोच की. दिवाळीला देतो, जुनी कापडं देतो, अडीनडीला धान्य देतो." देत होती, खरंच देत होती. पण त्यातलं काहीच वहीत नव्हतं. बरोबरीच्या माणसाचं घेतलं की ते अंगावर राहतं, फेडेपर्यंत लिहून ठेवावं लागतं. यांचं घेतलं ते अंगावर राहिलंच नव्हतं. आणि फेडायचं तर त्यांच्या मांडवात जाऊन बसावं लागलं असतं, त्यांच्या पंगतीला जेवावं लागलं असतं. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिताना हेच टिपलंय, की एकाच दिंडीतली माणसं एकत्र चालतात, एकत्र अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र ब्राह्मण एकीकडं, मराठे एकीकडं बसतात.

मी हे वर्गात वाचून दाखवलं. वर्गातल्या एकीचा मामा आमच्या विकास सोसायटीचा सचिव, त्यामुळं संध्याकाळपर्यंत बातमी घरी.

"घराची अब्रू झेरॉक्सच्या दुकानात नेलीस?" इथून सुरुवात. मग, "आपल्या घरात कधी जातपात पाळली? बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजीनं सगळ्या वस्तीला भाकरी घातली." मी म्हटलं, घातली हे खरंच आहे तात्या, पण त्यांच्याकडची भाकरी आपल्यातल्या कुणी खाल्ली? त्यावर ते काही बोलले नाहीत. वही घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "आणि यात तू नवीन काय शोधलंस? हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं."

तुमच्या मित्रांना माझं हेच सांगणं आहे. ठाऊक होतं तर कुलूप कशाला? ठाऊक असणं आणि समोर कागदावर मांडलेलं असणं यांत फरक आहे म्हणूनच ना? तीन पिढ्या त्या घरात वावरलेल्या कुणालाही तो कोरा रकाना दिसला नव्हता, आईलासुद्धा नाही, आणि खुणा तर तीच करत होती. पारावर बसून हे शिकता येत नाही. पारावर कोण बसतं आणि कोण बसत नाही, इथूनच मुळात सुरुवात आहे.

आज मी तलाठी आहे (पदाचं नाव बदलून आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक तलाठीच म्हणतात). वारस नोंदी आणि हक्कसोडपत्रं हे रोजचं काम. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क कायद्यानं देशभर २००५ साली मिळाला, महाराष्ट्रात तर १९९४ लाच. तरी बहिणी दुय्यम निबंधकाकडं जाऊन भावाच्या नावे हक्क सोडतात आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद, माझ्याकडं येतो. माझ्या दोन्ही आत्यांनीही सोडला. तात्यांचं म्हणणं, "त्यांनी खुशीनं सोडला, विचार त्यांना." विचारलं. दोघीही म्हणाल्या, खुशीनंच, माहेर तुटायला नको. खोटं बोलत नव्हत्या. पण माझ्या सज्जातल्या, म्हणजे माझ्याकडं असलेल्या गावांतल्या, बहिणींना एकाच दिशेची खुशी कशी काय होते, आणि भावांपैकी एकालाही कधी का होत नाही?

एमिल डुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ साली आत्महत्यांवर जे पुस्तक लिहिलं त्याची युक्ती हीच आहे. जीव देण्याइतकी खासगी गोष्ट दुसरी नाही, प्रत्येकाचं कारण वेगळं. तरी त्यानं युरोपातल्या देशांचे सरकारी आकडे लावून पाहिले तर एका देशाचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच, शेजारच्या देशाचं वेगळं, प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त. कारण एकेकट्याच्या मनातच असतं तर प्रमाण असं टिकून राहिलं नसतं. पहिल्या वर्षाच्या पेपरात हे पान-दीड पानात उरकतात आणि मुलं 'आत्महत्येचे प्रकार' म्हणून पाठ करतात. प्रकार विसरलात तरी चालेल. फेरफाराच्या नोंदवहीसमोर बसून मला हे कळलं ते त्या दीड पानामुळं, आणि तात्यांना अजून कळलेलं नाही ते ते पान न वाचल्यामुळं.

हे परदेशी फॅड आहे असंही तात्यांचं एक पालुपद आहे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ पासून आहे. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस स्कॉटिश होते हे मान्य, पण १९२४ पासून तो विभाग सांभाळला गो. स. घुर्ये यांनी, ते मालवणचे. संस्कृतचे विद्यार्थी होते. आपल्या जातींवर पुढं जे संशोधन झालं त्यातलं कितीतरी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलंय. फॅड शंभर वर्षं टिकत नाही.

आता तुमचे मूळ प्रश्न. मार्क पडतात, वेळेवर लिहिलंत तर. सायन्सची मुलं यात एक घोळ घालतात, मुद्दे लिहून सोडून देतात. इथं उदाहरण लिहावं लागतं आणि ते गाइडातलं नसावं. युपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलंत तर दोन पेपर, पाचशे मार्क, पहिला सिद्धान्तांचा आणि दुसरा भारतीय समाजाचा. दोन-चार क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हनं त्यातलं फार तर दार दिसेल. त्या एका आशेनं घेऊ नका.

आणखी एक, नाहीतर गैरसमज व्हायचा. तात्या वाईट माणूस नव्हेत. माझी फी त्यांनीच भरली, आणि गावात रात्री-अपरात्री कुणाचंही पोटात दुखलं तर त्याच वस्तीतल्या माणसालाही स्वतःच्या गाडीतून मिरजेला नेतात. तो रकाना कोरा ठेवा असं कुणी ठरवलेलं नव्हतं, हेच तर शिकण्यासारखं आहे. तुम्ही घरची वही वापरणार असाल तर घरात विचारून घ्या आणि नावं झाका. झाकूनही भांडण होईलच.

आणि हे सगळं मी सर चांगले होते म्हणून लिहू शकले. फॉर्म भरायच्या आधी तुमच्या कॉलेजातल्या सीनिअरना विचारा की हा पेपर शिकवणारे प्रोजेक्ट करून घेतात, की झेरॉक्सच्या दुकानात नोट्स ठेवतात. नोट्सवाले असतील तर तुमचे मित्र बरोबर आहेत. मग सरळ पर्यटनाचा पेपर घ्या, निदान एक सहल तरी निघेल.