शेतीऔषधांचं गोडाऊन आणि केमिस्ट्रीची पदवी

प्रश्न : मी भांडुपला राहते. यंदा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले. भिवंडीच्या एका लॉजिस्टिक कंपनीकडून वेअरहाऊस एक्झिक्युटिव्ह म्हणून ऑफर आली आहे. एका कीटकनाशक कंपनीचा माल ते साठवतात आणि राज्यभर पाठवतात. करार अकरा महिन्यांचा आहे. एचआरने 'लायसन्ससाठी' पदवी प्रमाणपत्राची प्रत आधीच मागितली आहे. बाबा म्हणतात, एवढं शिकून गोडाऊनमध्ये बसणार का? आईला विषाची भीती वाटते. सीझन संपला की काढून टाकतात, असं मैत्रिणी सांगतात. एमएस्सीचा फॉर्मही भरून ठेवलाय. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो 'लायसन्ससाठी' हा शब्द. तू तो सहज लिहिलास, पण निर्णय त्यावरच ठरायला हवा, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कीटकनाशकांचा कायदा १९६८चा आणि नियम १९७१चे. माल विकायला, साठवायला किंवा वितरित करायला परवाना लागतो आणि तो ठरावीक पत्त्याचा असतो. २०१५मध्ये नियम बदलले. परवाना घेणाऱ्याकडे किंवा त्याने नोकरीवर ठेवलेल्या माणसाकडे कृषी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, लाइफ सायन्सेस यांतली किंवा केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेऊन केलेली विज्ञान पदवी हवी, असं ठरलं. म्हणजे तुझ्या पदवीवाचून त्यांचं अडतंय. बाबांना हे आधी सांग. 'एवढं शिकून' या त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

धोकाही तिथेच आहे. प्रमाणपत्र परवान्याच्या फाइलला लावायचं आणि मुलीला दिवसभर ई-वे बिलं, म्हणजे माल वाहतुकीचे ऑनलाइन कागद, काढायला बसवायचं, असं होऊ शकतं. उद्या तपासणीत काही निघालं तर कागदावर नाव तुझं, आणि रॅकवर काय ठेवलंय ते तुला ठाऊकही नाही. तुझं नाव जबाबदार व्यक्ती म्हणून जाणार असेल, तर मालाची मांडणी, मुदत आणि सुरक्षितता यांवर तुझा शब्द चालेल, हे नेमणूकपत्रात लिहून घे. ते लिहून द्यायला कां-कू करत असतील तर प्रमाणपत्राची प्रत देऊ नकोस आणि नोकरीही घेऊ नकोस. या मुद्द्यावर मी तसूभरही मागे यायला सांगणार नाही.

लिहून देत असतील, तर मात्र काम चांगलं आहे. का, ते सांगते.

शेतीऔषधांचा धंदा पावसाच्या तालावर चालतो. एप्रिल-मेमध्ये गोडाऊन छतापर्यंत भरतं, आणि पहिला दमदार पाऊस झाला की फोन थांबत नाहीत. सोयाबीनमध्ये पेंडिमेथॅलिनसारखं तणनाशक पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, उगवणीच्या आधी मारावं लागतं. ट्रक चार दिवस उशिरा पोचला तर त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने माल आलाच नाही. पाऊस लांबला तर तोच माल दुकानदाराकडे पडून राहतो. पुढे कापसाची कीटकनाशकं, ऑक्टोबर छाटणीनंतर नाशिककडच्या द्राक्षांवरच्या डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांची औषधं, मग रब्बी. हंगाम संपताना न विकलेला माल परत येऊ लागतो.

चार महिने तुडुंब आणि बाकीचे दिवस अर्धं रिकामं राहणारं गोडाऊन उत्पादक कंपनीला स्वतः पोसणं परवडत नाही. म्हणून जागा, माणसं आणि गाड्या लॉजिस्टिक कंपनीकडून घेतात. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला, केवळ कर वाचवायला प्रत्येक राज्यात डेपो ठेवण्याची गरज उरली नाही, आणि भिवंडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या गोडाऊनना आणखी महत्त्व आलं.

आता केमिस्ट्री कुठे येते ते बघ. धान्यातली कीड मारणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो. तो विषारी आहे आणि पेटही घेतो. जुलैमध्ये पत्रा गळतोय आणि त्याखाली हे खोके आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आण. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायच्या तेलकट द्रव औषधांत ज्वलनशील सॉल्व्हंट असतो. टू-फोर-डी या तणनाशकाची वाफ शेजारच्या मालाला लागू शकते, म्हणून तणनाशकं वेगळी ठेवतात, बियाण्यापासून तर लांबच. ट्रायकोडर्मा ही पिकाला रोगांपासून वाचवणारी जिवंत बुरशी. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली ती मरते आणि पाकीट बाहेरून तसंच छान दिसतं. द्रव औषधाचे डबे पावडरच्या वर रचायचे नाहीत, खालचा माल गळतीने वाया जातो. हमालाला हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि बीकॉम झालेल्या सुपरवायझरला खोक्यांची संख्या जुळली की काम झालं असं वाटतं. तिथे तुझ्यासारखीची गरज आहे.

मैत्रिणींच्या शंकेबद्दल. सीझनपुरते हमाल आणि पॅकर वाढवतात, हे खरं. पण या कामातला कसलेला माणूस मंदीच्या महिन्यांत घडतो. परत आलेला प्रत्येक खोका उघडून बॅच नंबर आणि मुदत बघायची, कोणता माल पुन्हा विकता येईल ते ठरवायचं. मुदत संपलेल्या मालावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारून तो वेगळ्या, आखून दिलेल्या जागी ठेवायचा, हाही नियमच आहे. मग कंपनीच्या पुस्तकातला साठा आणि जमिनीवरचा साठा जुळवायचा. पुढच्या हंगामात ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढायचा, ही शिस्त इथूनच लागते. समज, एका दुकानातला नमुना प्रयोगशाळेत नापास झाला आणि त्या बॅचची विक्री थांबवण्याचा आदेश आला. ती बॅच आणखी कोणकोणत्या गावी गेली, हे तासाभरात सांगू शकणाऱ्या माणसाला कुणी सहज सोडत नाही. मुलाखतीत थेट विचार, 'नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मी काय करणार?' उत्तरात रिटर्न (परत आलेला माल) आणि स्टॉक ऑडिट (साठ्याची जुळवणी) आलं तर समाधान मान. 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणाले तर मैत्रिणी बरोबर आहेत.

आईची भीती मी खोडून काढणार नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोण विसरेल? गोडाऊनमधला माल सीलबंद असतो, त्यामुळे तिथला धोका वेगळा, गळती आणि आगीचा. तो आटोक्यात ठेवता येतो. ही कंपनी ठेवते का, ते बघून ये. ऑफर स्वीकारण्याआधी गोडाऊनला जाच, शक्यतो आई-बाबांना घेऊन. आत शिरताच डोळे चुरचुरले किंवा उग्र वास आला तर हवा खेळत नाही असं समज. वाळूच्या बादल्या, डोळे धुण्याची सोय, हातमोजे आहेत का बघ. लेबलवरचा त्रिकोण बघायला शीक: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल त्रिकोणाचा माल कुठे ठेवलाय, ते विचार. आणि दुपारी एकच्या सुमाराला जा, म्हणजे माणसं डबा कुठे खातात ते दिसेल. खोक्यांच्या थप्पीला टेकून कुणी भाकरी खात असेल, तर भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाट्या कितीही चकचकीत असोत, तिथून माघारी ये.

जूनमध्ये डिस्पॅच रात्रीपर्यंत चालतं आणि भिवंडीजवळच्या माणकोलीची ट्रॅफिक तुला ठाऊक आहे. ठाण्यापर्यंत गाडी मिळणार का, पीएफ कोण भरणार, हेही लेखी घे.

एमएस्सीचं म्हणशील, तर तुला प्रयोगशाळेची खरी ओढ असेल तर खुशाल कर. पण 'दुसरं काही सुचत नाही' म्हणून करायची असेल, तर आधी एक पूर्ण वर्ष, खरीप आणि रब्बी दोन्ही, या कामात काढ. त्यानंतर दोन वाटा मला तुझ्यासाठी चांगल्या दिसतात. सुरक्षितता आवडली तर सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये औद्योगिक सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेशाच्या अटी आत्ताच बघून ठेव. मालाचं नियोजन आवडलं तर पवईचं आयआयएम मुंबई, म्हणजे पूर्वीचं निटी, किंवा बेलापूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट यांचे अभ्यासक्रम चाळ. यूपीएल, रॅलिस या शेतीऔषधांच्या कंपन्यांची मुख्यालयं मुंबईतच आहेत, बायर क्रॉपसायन्सचं ठाण्यात. त्यांच्या सप्लाय चेन विभागात अर्ज करताना 'मी एक पूर्ण हंगाम गोडाऊन सांभाळलंय' हे वाक्य फार वजनदार ठरतं.

आज एचआरला मेल कर. प्रमाणपत्राची प्रत कशासाठी लागणार, परवान्यावर माझं नाव कोणत्या नात्याने जाणार आणि गोडाऊन बघायला कधी येऊ, एवढंच विचार. उत्तर आलं की मला कळव, नेमणूकपत्राचा मसुदा आपण एकत्र वाचू.