पॉलिसी मुलीच्या शिक्षणाची, पैसे तिच्या अडतिसाव्या वर्षी

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आहे. वय 48. एकवीस वर्षांची मुलगी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून अतिथंड अणूंवरचा दहा महिन्यांचा संशोधन प्रकल्प करायला जर्मनीतल्या विद्यापीठात निघाली आहे. फी नाही, राहण्या-खाण्याचा खर्च आपला. ते विचारतात, 8 लाखांची एफडी मोडून वर वाशी बाजारातल्या आंब्याच्या दलालाकडून 4 लाखांची उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेऊ, की शैक्षणिक कर्ज काढू? शेवटी एक ओळ: ‘मुलीच्या शिक्षणासाठी पॉलिसी आहे, पण तिला हात लावायचा नाही.’

कर्ज काढा. उचल घेऊ नका. उचल घेतलीत की पेट्या त्याच गाळ्यावर जाणार आणि भाव तो देईल तो. त्यात मोहर गळला किंवा अवकाळी पाऊस झाला, तर ती उचल पुढच्या हंगामावर चढते.

आता त्या शेवटच्या ओळीबद्दल, कारण माझी झोप तिने उडवली. तीन वर्षांपूर्वी मेव्हण्यांनी ‘मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी’ म्हणून ही पॉलिसी दिली. वर्षाला 1.2 लाख हप्ता, मुदत 20 वर्षं, विमा 20 लाखांचा, शेवटी अंदाजे 42 लाख. म्हणजे पैसे हातात येतील तेव्हा मुलगी 38 वर्षांची असेल! परतावा जेमतेम 5 टक्के. शिवाय ‘कर वाचतो’ असं सांगितलं. अहो, तुमचं सगळं उत्पन्न आंब्याचं, त्यावर आयकरच नाही, वाचणार काय? आणि घरातली सहा माणसं तुमच्यावर अवलंबून असताना विमा फक्त 20 लाखांचा. तुमची खरी चूक ही आहे.

पॉलिसी मोडू नका. आत्ता मोडलीत तर भरलेल्या 3.6 लाखांतला मोठा हिस्सा जाईल. ती पेड-अप करा. हप्ते बंद होतील आणि मुदतीअखेर साधारण 6 लाख मिळतील. तोच 1.2 लाख दरवर्षी पीपीएफमध्ये गेला आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर 17 वर्षांत 40 लाखांच्या आसपास होतात. वर ते 6 आहेतच.

पण आधी 50 लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा, म्हणून स्वस्त) घ्या. तुमच्या वयाला वर्षाला वीस-पंचवीस हजार पडतील. तो हातात आल्यावरच जुना हप्ता थांबवा, मधे एक दिवसही उघडे राहू नका. उरलेल्या 95 हजारांत पहिली दोन-तीन वर्षं कर्जाचं व्याज निघतं; पीपीएफचा वरचा आकडा अर्थात तेवढा कमी होईल.

हिशेब असा. व्हिसासाठी जर्मनीत महिन्याला 992 युरो आधीच खात्यात ठेवावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तर दहा महिन्यांचे 10 लाख. हे पैसे कुठे जात नाहीत, दरमहा तिलाच मिळतात. विमान, व्हिसा, खोलीची अनामत मिळून 2 लाख. एकूण 12. सरकारी बँका साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, म्हणजे बाग गहाण पडत नाही. तेवढंच कर्ज काढा. एफडीतले साडेचार काढा, साडेतीन राहू द्या.

ते साडेतीन मुद्दाम ठेवायला सांगतोय. ‘ती तिथे पार्टटाइम काम करून निम्मे फेडेल,’ असं तुम्ही लिहिलंय. कायदा काही दिवस कामाची मुभा देतो, प्रयोगशाळा देत नाही. या प्रयोगात अणू निर्वात कक्षात लेझरने थंड करतात. कक्ष एकदा उघडावा लागला, तर तो तापवून पुन्हा हवा काढण्यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात, मग लेझर पुन्हा जुळवायचे. दहा महिन्यांचं काम तेरा महिन्यांवर गेलं, तर तीन महिन्यांचे 3 लाख कुठून आणाल? तिला ‘पैसे संपले, परत ये’ असं सांगायची वेळ येऊ नये. आणि पीएचडीला तिकडे पगार मिळतो हे खरं, पण ती जागा अजून तिच्या हातात नाही. त्या जागेच्या भरवशावर कर्ज वाढवू नका.

पुढचा हप्ता जानेवारीत आहे. त्याआधी कंपनीकडून पेड-अपची रक्कम लेखी मागवा. मेव्हण्यांना वाईट वाटेल, हे तुम्ही लिहिलंच आहे. त्यांना समोर बसवा आणि मुलीचं वय व मुदतीची तारीख एकाच कागदावर लिहून दाखवा.