पाणी कुठे मुरवाल? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात जोराचा पाऊस झाला की पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरतं. गच्ची 600 चौरस मीटर, फरसबंद आवार 900. मागच्या वर्षी 2 मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घेतला, दगडांनी भरला, गच्चीचे पाइप त्यात सोडले. तो दहा मिनिटांत ओसंडतो. आता कंत्राटदार म्हणतो, आवारभर कोबा करून मोठा पाइप ड्रेनेज चेंबरला जोडू. करावं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नका करू. आधी हिशेब पाहा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तासाला 40 मिलिमीटर पाऊस धरला, तर एकट्या गच्चीवरून तासाला 20 हजार लिटरच्या वर पाणी येतं. तुमचा खड्डा 8,000 लिटरचा दिसतो, पण दगड भरल्यावर पोकळी तिसऱ्या हिश्शाच्या थोडी वर उरते, म्हणजे जेमतेम 3,000 लिटर. दहा मिनिटांत तो भरणारच, त्याचा दोष नाही.

ड्रेनेजला पावसाचं पाणी जोडणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. ती लाइन मैल्याची, तिचा आकारही तेवढाच. पावसात ती तुंबली की मैलापाणी तळमजल्याच्या संडासातून वर येतं. पावसाचं पाणी पावसाळी गटारातच सोडायचं, आणि तेही आवारात मुरून उरेल तेवढंच.

खर्च करण्याआधी जमीन तपासा. पुण्यात वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण अशी रचना बऱ्याच ठिकाणी असते. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सोडत नाही, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणा. तिथे हातभर रुंद, दोन फूट खोल खड्डा घेऊन रात्रभर पाण्याने भिजवा. सकाळी पुन्हा फूटभर पाणी भरून पट्टी उभी करा आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. तासाला 1 सेंटिमीटरही उतरत नसेल, तर शोषखड्ड्यावर पैसे घालू नका, गच्चीचं पाणी टाकीत साठवून वापरा.

मुरत असेल, तर सर्वांत स्वस्त जागा म्हणजे बाग, आणि नेमकी तीच आपण उंच कठडा बांधून कोरडी ठेवतो! बाग 150 चौरस मीटर असेल, तर ती आवारापेक्षा 15 सेंटिमीटर खाली घ्या आणि कठड्याला जागोजागी खाचा पाडा. 22 हजार लिटर पाणी तिथे थांबेल. इमारतीच्या पायापासून 3 मीटर अंतर सोडा. जास्तीचं पाणी जाण्यासाठी 15 सेंटिमीटर उंचीवर पाइप ठेवून तो पावसाळी गटाराला जोडा. दोन दिवसांत पाणी मुरलं नाही, तर तळातली माती दबलेली आहे, ती कुदळीने मोकळी करा.

पेव्हर ब्लॉक बसवले की पाणी आपोआप मुरतं, हा मोठा गैरसमज आहे. काँक्रीटवर बसवून सांधे सिमेंटने भरले, तर तो कोबाच झाला. खाली धुवून घेतलेली खडी हवी. चुरी मिसळली की पोकळ्या बुजतात.

खड्डा ठेवायचा असेल, तर आधी गाळाचं चेंबर बांधा : बाहेर जाणारा पाइप तळापासून दीड फूट वर, म्हणजे माती खाली बसते. खड्ड्यात वरच्या थराला जाड वाळू आणि तिच्याखाली नायलॉन जाळी घाला. मे महिन्यात वाळूचा वरचा बोटभर थर काढून नवा टाका. बोअरमध्ये गाळलेलं गच्चीचं पाणीच सोडा. पार्किंगच्या पाण्यात ऑइल असतं, ते थेट भूजलात जाईल.

लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उतरू नये म्हणून पार्किंगच्या उताराच्या तोंडाशी जाळीची आडवी गटार लागेलच.

प्रश्न : ओढ्याकाठी प्लॉट स्वस्त मिळतोय. काय पाहावं?

उत्तर : सातबाऱ्यावर ओढा दिसेलच असं नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घ्या आणि विकास आराखड्याशी ताडून बघा. नदी असेल, तर निळी रेषा (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (100 वर्षांतून एकदा येणारा) तपासा. निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. ओढ्यावर रेषा आखलेली नसली तरी निर्धास्त होऊ नका : 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर येऊन काठच्या वस्त्यांची जी दैना झाली, ती आठवा. भरावाने उंच केलेला प्लॉट तर घेऊच नका.