चित्राची कळा

नाशिकच्या गोदाघाटाच्या जलरंगचित्रांची ओळख लिहिताना तुम्ही 'या चित्राचा मूड उदास आहे' इथे अडलात आणि 'मूड'ला मराठी शब्द विचारलात. 'मनःस्थिती' लिहिलं तर घाटच रुसून बसल्यासारखा वाटतो म्हणता, ते खरंच. 'माहोल' मैफिलीचा, 'छटा' एखाद्या रंगाची, आणि 'वातावरण' म्हटलं की हवामान खातं आठवतं.

मी 'कळा' सुचवेन. संस्कृतात 'कला' म्हणजे चंद्रबिंबाचा 16वा भाग. आपण ती कळा चंद्रावरून माणसाच्या तोंडावर आणली. 'त्याच्या तोंडाची कळाच गेली' म्हणताना तेज गेलं की उमेद गेली, हे वेगळं काढता येत नाही. निसर्गचित्रात तरी उजेड आणि भाव कुठे वेगळे काढता येतात? शिवाय हा शब्द निर्जीवालाही चालतो, ओस पडलेल्या वाड्याला अवकळा येतेच की. (चित्रकलेतली 'कला' मूळची हीच, फक्त तिचा 'ल' राहिला.)

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. त्यामुळे मावळतीचं ऊन गावाच्या अंगाने येतं आणि पलीकडे पंचवटीच्या काठावर पडतं. त्याच काठावरचं नारोशंकराचं देऊळ सकाळी नदीकडून पाहिलं तर उजेड त्याच्या पाठीशी असतो, देऊळ काळसर दिसतं. संध्याकाळी तोच दगड तांबूस होतो. देऊळ तेच, कळा निराळी. आषाढात मळभ आलं की सावल्याच नाहीशा होतात, तेव्हाची कळा आणखी तिसरी. जलरंगात तर उजेड बहुधा रंगवत नाहीत, तेवढा कागद कोरा राखतात. चित्रकार शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं पाहिलेल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको.

दोन ठिकाणी मात्र जपा. अनेकवचन शक्यतो नको, 'चित्रातल्या कळा' वाचून कुणाला बाळंतपण आठवेल, कारण 'कळ'चं अनेकवचनही 'कळा'च. आणि संध्याकाळच्या चित्राला 'उतरती कळा' म्हणू नका, घाटाचे वाईट दिवस आले असा अर्थ निघेल.

खरं तर पुष्कळदा उजेडाचं नाव घेतलं की भागतं. कोवळं ऊन, तिरीप, झाकोळ, कातरवेळ हे शब्द मुळातच भाव घेऊन येतात. तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'घाटावर कातरवेळ झाली आहे, पाण्याची कळा गेली आहे.' यात 'उदास' घालायला जागाच उरत नाही.