सफरचंद घेण्याआधी ती फाइल उघडा

प्रश्न : ताई, मी घरून चार छोट्या व्यवसायांचे हिशेब सांभाळते. लॅपटॉप नऊ वर्षांचा, विंडोज 10 चा. दुरुस्तीवाला म्हणतो, त्यावर 11 चढणार नाही. बहीण ॲपलचा मॅकबुक वापरते. तिचं म्हणणं, एकदा घे, विंडोजचं नावही काढणार नाहीस. भाचा म्हणतो, मावशी, नुसतं चकाकतं म्हणून घेऊ नकोस. दोघंही हट्टाला पेटलेत. कुणाचं ऐकू?
ता. क. माझी सगळी बिलं एक्सेलच्या एकाच फाइलमधून निघतात. ओळखीच्या एका मुलानं करून दिली होती, तिच्यात बटणं आहेत.

उत्तर : कुणाचंच नको. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट ताज्या कलमात आहे. मी 22 वर्षं कार्यालयांतले कॉम्प्युटर सांभाळले. लोक यंत्राबद्दल तासभर बोलायचे, आणि ज्या फाइलवर पोट चालतं तिची आठवण मी दारातून बाहेर पडताना व्हायची.

मॅकवर एक्सेल चालतं आणि चांगलं चालतं. पण एक्सेलमधली बटणं दोन जातींची असतात, दिसायला अगदी जुळी. एक साधी, तिला ‘फॉर्म कंट्रोल’ म्हणतात. ती मॅकवरही चालते. दुसरी ‘ॲक्टिव्हएक्स’. ही फक्त विंडोजची, मॅकवर दिसली तरी नुसता दगड. तुमची कुठली, ते घरीच कळेल. बटणावर राइट क्लिक करा. यादीत ‘असाइन मॅक्रो’ आलं तर साधी जात. काहीच उघडलं नाही, तर ‘डेव्हलपर’ टॅबमध्ये ‘डिझाइन मोड’ चालू करा, बटण एकदा निवडा आणि वर फॉर्म्युल्याच्या पट्टीत बघा. तिथे ‘एम्बेड’ने सुरू होणारं काही उमटलं, तर एकतर त्या मुलाला शोधून बटणं बदलून घ्या, नाहीतर बहिणीला गोडीत नाही म्हणा.

बटणं साधी निघाली तरी लगेच हुरळू नका. अशा फाइली करून देणारी मुलं बहुतेकदा आत लिहून ठेवतात की बिल सी ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये ठेव. मॅकला सी ड्राइव्ह नावाची गोष्टच माहीत नाही. तेव्हा पेन ड्राइव्हवर फाइलची प्रत घ्या, बहिणीकडे जा आणि तिच्या मॅकवर एका महिन्याची सगळी बिलं काढून बघा. नुसती फाइल उघडून ‘चालतेय की’ म्हणू नका. बटण दाबा, पीडीएफ होऊ द्या, प्रिंट हातात येऊ द्या. बहिणीशी वाद घालण्यात जितका वेळ गेला असेल, त्यापेक्षा कमीच लागेल.

ही भांडणं मुळात का होतात, तेही सांगते. आयबीएमनं 1981 मध्ये पीसी काढला तो बाजारातले सुटे भाग जोडून: प्रोसेसर इंटेलचा, डॉस नावाची सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. साहजिकच दुसऱ्यांनाही तसाच डबा जुळवता आला, आणि थोड्याच वर्षांत आयबीएम मागे पडून नकला पुढे गेल्या. ॲपलनं 1984 मध्ये मॅकिंटॉश आणला तो सगळा आपल्या मुठीत ठेवून. मधे 1995 च्या सुमाराला दुसऱ्या कंपन्यांना मॅक बनवायची परवानगी दिली होती, पण स्टीव्ह जॉब्ज परत आले आणि ते दुकान बंद झालं. म्हणून विंडोजवाल्याला निवड भरपूर आणि डोकेदुखीही भरपूर. मॅकवाल्याला निवड थोडी, पण यंत्र आणि त्यातली सिस्टीम एकाच घरची. शिवाय ॲपल जुन्याला फार दिवस कवटाळून बसत नाही. 1994, 2006 आणि 2020, असे तीनदा त्यांनी प्रोसेसरचं घराणंच बदललं, आणि प्रत्येक वेळी जुन्या सॉफ्टवेअरला काही वर्षांची मुदत देऊन निरोप देत आले. बहीण तिचा जुना मॅक तुम्हाला देऊ करत असेल, तर इंटेल प्रोसेसरवाला घेऊ नका; 2020 मध्ये सोडलेलं घराणं ते हेच. त्याचा रस्ता आता संपत आलाय.

मी हा मजकूर मॅकवरच लिहितेय, म्हणजे माझं त्याच्याशी वैर नाही. पंखा नसलेला मॅकबुक एअर आहे, दिवसभर चार्जर आठवत नाही. पण सुरुवातीला त्यानं मला रडवलंय. एकदा संपादकांना शेवटची प्रत हवी होती. माझी बाहेरची हार्ड डिस्क वर्षानुवर्षं विंडोजला लावलेली. मॅकला जोडली, फाइल उघडली, दुरुस्त्या केल्या, सेव्ह करायला गेले तर नाहीच. नवा फोल्डर करू म्हटलं तर तो पर्यायच फिका. अर्धा तास मी केबल काढतेय, घालतेय. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची होती. मॅक तिच्यावरचं वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर एक अक्षर लिहीत नाही. 22 वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत आलेली मी! दोन्हीकडे वापरायची डिस्क एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यावी, पण त्यात आतलं सगळं पुसलं जातं. आधी दुसरीकडे प्रत ठेवा.

सवयीचंही थोडं ओझं असतं. विंडोजवर कोपऱ्यातली फुली दाबली की बहुतेक प्रोग्रॅम बंद होतो. मॅकवर लाल ठिपका दाबला की खिडकी जाते, प्रोग्रॅम मात्र बहुतेकदा मागे जागाच. पहिल्या महिन्यात माझ्याकडे एका वेळी 14 प्रोग्रॅम उघडे सापडले होते. हे अंगवळणी पडतं, त्यासाठी कुणी यंत्र नाकारू नये.

तुम्हाला मी विंडोजच सुचवेन, मुख्यतः त्या फाइलीसाठी. शिवाय हिशेबाची बरीच सॉफ्टवेअरं विंडोजसाठीच निघतात, आणि उद्या पाचवं गिऱ्हाईक कुठलं घेऊन येईल, सांगता येत नाही. मात्र विंडोजच्या घरातही आता दोन चुली आहेत. इंटेल आणि एएमडी प्रोसेसरवाले लॅपटॉप वेगळे, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले वेगळे. स्नॅपड्रॅगनवर नेहमीचे प्रोग्रॅम बहुतेक चालून जातात, पण प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम, खास त्या प्रोसेसरसाठी लिहिलेले लागतात. जुन्या यंत्रांसाठी ते कुणी लिहीत बसत नाही. तुमचा प्रिंटर लॅपटॉपच्याच वयाचा असेल, तर इंटेल किंवा एएमडी घ्या. रॅम 16 जीबी. 8 वर भागतं असं सांगणारे भेटतील. मॅकमध्ये आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवताच येत नाही, म्हणून आधीच घ्यायची.

आणि जुना लॅपटॉप? दुरुस्तीवाल्याचं बरोबर असावं. विंडोज 11 ला टीपीएम 2.0, म्हणजे यंत्रातलं सुरक्षेचं एक अंग, लागतं. ते कधीकधी नुसतं बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, बंद असतं, पण प्रोसेसरही ठरलेल्या यादीतला लागतो, आणि नऊ वर्षांपूर्वीचा त्यात बहुधा बसणार नाही. विंडोज 10 ची नेहमीची अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. गिऱ्हाइकांचे हिशेब त्यावर ठेवू नका. लिनक्स मिंट ही फुकट मिणारी सिस्टीम घालून घरच्यांना वापरू द्या, अजून काही वर्षं चालेल.

प्रश्न : मुलगा आर्किटेक्चरला आहे आणि ‘गेमिंग लॅपटॉप’च हवा म्हणतो. अभ्यासासाठीच, असंही म्हणतो. विश्वास ठेवायचा का?

उत्तर : या वेळी ठेवा. इमारतींची मॉडेल करायची रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स ही सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर चालतात. नकाशे काढायच्या ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण विंडोजवरचं सगळं तिच्यात नाही. इमारतीचं मॉडेल फिरवायला, त्याचं खऱ्यासारखं चित्र म्हणजे रेंडर काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते सहज मिळतं गेमिंग लॅपटॉपमध्येच. आता तो संध्याकाळी त्यावर काय करेल, ते या सदराच्या कक्षेबाहेर आहे.

फक्त कार्डाच्या नावावर भाळू नका. तेच नाव पातळ लॅपटॉपमध्ये कमी वॉटवर चालवतात आणि जाड लॅपटॉपमध्ये जास्त. कामात चांगलाच फरक पडतो. वॉटचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो, तो मुलाला शोधायला लावा. रॅमसाठी एक जागा मोकळी असेल तर 16 जीबीवर सुरुवात करा, नसेल तर थेट 32. चार्जर विटेएवढा असेल, पंखा गुरगुरेल, बॅटरी वर्गात दुपारपर्यंतही पुरेल याची खात्री नाही. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मग तक्रार नको. रोज ने-आण करायची नसेल, तर डेस्कटॉप त्याच पैशात जास्त दमाचा मिळतो आणि पुढे उघडून वाढवता येतो. पण कॉलेजातली मुलं डेस्कटॉपचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : वडील 74 वर्षांचे. ईमेल, व्हिडिओ कॉल आणि बातम्या, एवढंच. क्रोमबुक, म्हणजे गूगलच्या सिस्टीमचा लॅपटॉप, चालेल?

उत्तर : छान चालेल. घेताना त्या मॉडेलची अपडेट संपायची तारीख बघा. 2021 पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं मिळतात, पण ती मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे मूळ साच्यावर, बेतलंय तो बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सवलतीत मिळणाऱ्या क्रोमबुकची निम्मी वर्षं कधीकधी आधीच सरलेली असतात. आणखी एक, वडिलांनी पूर्वी टायपिंग केलं असेल तर त्यांना आधीच दाखवून ठेवा: बहुतेक क्रोमबुकवर कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ असते. ऑल्टबरोबर ती दाबली की कॅप्स लॉक लागतो.