दुकान आमचं, डोमेन कुणाचं?

प्रश्न : सर नमस्कार. आमचं शहापूरला साड्यांचं दुकान आहे, आजोबांपासून. काही वर्षांमागं ओळखीतल्या एका पोरानं वेबसाइट करून दिली, डॉट कॉमचं नाव (डोमेन) त्यानंच घेतलं, पैसे आम्ही दिले. आता पोरगा फोन उचलेना, आणि उचलला तर म्हणतोय डोमेन माझ्या नावावर आहे, पाहिजे तर ६० हजार द्या. नाव आमच्या आजोबांचं आणि धनी हा कसा काय झाला सांगा की. मुलगा म्हणतो हे सगळे नियम अमेरिकेत आयकॅन म्हणून कोण आहे ते ठरवतात. ह्यांना निवडून दिलं कोण?
– एक दुकानदार, शहापूर, बेळगाव

उत्तर : मालक, आधी एक करा, त्याला रुपया पण देऊ नका आणि फोनवर भांडू पण नका, जे बोलायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून बोला म्हणजे ६० हजार मागितल्याचा पुरावा राहतो. मग हूइज, म्हणजे डोमेनची नोंद, काढून बघा, गुगलवर हूइज लुकअप टाकलं की मिळतंय. जमिनीचा उतारा काढतो तसंच हे, फक्त हिथं वहिवाट कुणाची आणि पिढ्या किती झाल्या हे कोण विचारत नाही, रजिस्ट्रंट ह्या ओळीपुढं ज्याचं नाव तो धनी. हल्ली प्रायव्हसीमुळं ते नाव झाकलेलंच असतंय बहुतेक, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, कुठली आणि मुदत कधी संपते ते दिसतंय. त्या रजिस्ट्रारला मेल टाका, सोबत दुकानाचं लायसन, जीएसटी सर्टिफिकेट आणि पोराला पैसे पाठवलेल्याची नोंद जोडा. कधी कधी असं निघतंय की रजिस्ट्रंटमध्ये दुकानाचंच नाव आहे, फक्त लॉगिन पोराकडं आहे, मग काम सोपं. नाव त्याचंच निघालं तर मात्र लांबचा रस्ता आहे.

आता मुलाचं म्हणणं. बरोबर आहे, पण ह्याची गोष्ट जरा मागं जाते. १९९३ पासून डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स ह्या एकाच अमेरिकन कंपनीकडं होती, अमेरिकन सरकारी संस्थेच्या करारावर. सुरवातीला फुकट, आणि सप्टेंबर १९९५ पासून वर्षाला ५० डॉलर, ते पण दोन वर्षांचे एकदम भरायचे. तेव्हाच्या भावानं वर्षाला दीड-पावणेदोन हजार रुपये झाले की हो, आणि दुसरीकडं जायची सोयच नाही! लोक बोंबलायला लागले, तिकडं ट्रेडमार्कवाल्या मोठ्या कंपन्या वेगळ्याच बोंबलत होत्या की आमच्या नावाची डोमेनं कोणपण घेऊन बसतंय. शेवटी जून १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं जाहीर केलं की आम्ही ह्यातनं हळूहळू अंग काढून घेतो, एक खाजगी, नफा न घेणारी संस्था काढा. ती ही आयकॅन, ३० सप्टेंबर १९९८ ला कॅलिफोर्नियात नोंदवली. ज्यांच्या शब्दावर आधी हे सगळं चालायचं ते जॉन पोस्टेल पुढच्या दोन-अडीच आठवड्यातच, १६ ऑक्टोबरला वारले, म्हणजे बाळ जन्मलं आणि घरातला जाणता माणूस गेला.

आणि तुम्ही विचारलाय तोच प्रश्न १४ नोव्हेंबर १९९८ ला अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयकॅनच्या पहिल्या उघड बैठकीत लोकांनी विचारला. समोर हंगामी संचालक मंडळ, मंडळाच्या अध्यक्ष एस्थर डायसन धरून नऊ जण आणि त्यांच्या जोडीला संस्थेचा रोजचा कारभार बघणारे प्रेसिडेंट माइक रॉबर्ट्स. अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलियातली माणसं, भारतातलं एकपण नाही. श्रोत्यांनी माइकवर येऊन धारेवर धरलं, तुम्हाला नेमलं कुणी, बंद दाराआड का बसता. खरं उत्तर असं की निवडून कुणीच दिलेलं नव्हतं, पोस्टेल आणि त्यांच्या वकिलानं नावं जुळवलेली. मला स्वतःला वाटतं घाईत दुसरं काही जमलं पण नसतं, पण म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही, त्याला आजपर्यंत नीट उत्तर मिळालेलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये एकदा जगभरची ऑनलाइन निवडणूक घेतली पाच संचालकांसाठी, मतं पडली ३४ हजारांच्या आसपास (आपल्या एकट्या खानापूर मतदारसंघात ह्याच्या कितीतरी पट पडतात), आणि पुढं ती पद्धतच गुंडाळली.

तुमच्या भानगडीशी थेट संबंध मात्र मार्च १९९९ च्या सिंगापूरच्या बैठकीचा. तिथं ठरलं की एका कंपनीची मक्तेदारी मोडायची आणि नोंदणी करणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना मान्यता द्यायची, त्यासाठी अटी काय. पुढच्याच महिन्यात पहिल्या पाच कंपन्या निवडल्या चाचणीला, आज आपण शेकड्यांतल्या कुठल्यापण रजिस्ट्रारकडनं हजार-बाराशेत डोमेन घेतो ते त्यामुळं. पण त्याच करारांच्या चौकटीत हे पण पक्कं झालं की रजिस्ट्रारचा व्यवहार नोंदीतल्या धारकाशी, बाकी दुनियेशी नाही. तुमच्या पोरानं त्याच फटीत पाय घातलाय. सरकारांची वेगळी समिती पण सिंगापूरलाच पहिल्यांदा बसली, फक्त सल्ला द्यायला.

मे महिन्यात बर्लिन. तिथं डोमेन आणि ट्रेडमार्कच्या भांडणांवरचा डब्ल्यूआयपीओचा (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संस्था) मोठा अहवाल टेबलावर होता, आणि आयकॅनचा खर्च भागवायला दर डोमेनमागं एक डॉलर घ्यायचा विषय तापलेला. अमेरिकन काँग्रेसच्या समितीनं जुलैत सुनावणीच लावली, तिचा मथळा साधारण असा की आयकॅन हाताबाहेर गेलीय का! डॉलर मागं घ्यावा लागला, संचालकांची बैठक उघड्यावर घ्या म्हणून पण दट्ट्या आला, आणि ऑगस्टमध्ये चिलीतल्या सँटियागोला ती उघड झाली. नुसतं ओरडून पण काम होतं कधी कधी. सँटियागोलाच डोमेनच्या भांडणाचे नियम मंजूर झाले, डिसेंबर १९९९ पासून केसी चालू.

त्या नियमात तीन गोष्टी तुम्हाला दाखवाव्या लागतात. डोमेन तुमच्या ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं आणि वाईट हेतूनंच वापरतोय, दोन्ही. घेतलं तेव्हा मी मालकांसाठीच घेतलेलं असं पोरगा म्हणणार, आणि तिथं अडकायची भीती आहे, निकाल देणाऱ्यावर आहे सगळं. शिवाय जिनेव्हाच्या डब्ल्यूआयपीओकडं एका पंचाची फी १५०० डॉलर, म्हणजे त्याच्या ६० हजाराच्या दुपटीच्या वर. आकडा त्यानं हे बघूनच काढलाय की काय कोण जाणे.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर इथल्या वकिलाकडनं नोटीस पाठवली असती. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये सत्यम इन्फोवे ह्या इंटरनेट कंपनीच्या केसीत सांगितलंय की डोमेन नावाला पण व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं, दुसऱ्याच्या नावाखाली धंदा करायचा नाही. ह्यासाठी ट्रेडमार्क रजिस्टर झालेलाच पाहिजे असं नाही, किती वर्षं नाव वापरताय आणि गिऱ्हाईक त्या नावानं कुणाला ओळखतं ते बघतात. माळ्यावर आजोबांच्या काळची छापील बिलबुकं असतील बघा, दुकानाचं नाव, पत्ता, तारीख आणि पेठेतल्या कुणाची तरी उधारी लिहिलेली, रद्दीत घालू नका, तीच कामाला येतात. आणि नोटीस जाईपर्यंत तुमच्या नावाचं डॉट इन मोकळं असेल तर आजच घ्या, तुमच्या स्वतःच्या मेल आयडीवर, ओळखीतल्या कुणा पोराच्या नव्हे.

प्रश्न : अमेरिकेनं ठरवलं तर आपल्या सगळ्या वेबसाइट एका रात्रीत बंद करू शकते का? कॉलेजात वाद झालाय.
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : एका बटणावर नाही. पत्त्यांची जी सर्वात वरची यादी आहे ती तेरा नावांच्या रूट सर्व्हरवर असते, पण त्यांच्या प्रती जगभर शेकड्यांनी पसरल्यात, भारतात पण आहेत. यादीवर हात कुणाचा हा वाद मात्र खरा. जानेवारी १९९८ मध्ये वर सांगितलेल्या पोस्टेलनी आठ रूट सर्व्हरवाल्यांना नुसता मेल केला की यादी आता माझ्याकडनं घ्या, आणि त्यांनी घेतली! सरकार हबकलं, काही दिवसांत सगळं परत पहिल्यासारखं. ह्या यादीचं काम आयकॅन अमेरिकन सरकारशी केलेल्या करारावर बघायची, १ ऑक्टोबर २०१६ ला तो करार संपला, त्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक आपल्या हैदराबादला झाली. संस्था अजून कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालीच आहे, तेवढा मुद्दा वादात जिंकायला ठेवा.

प्रश्न : आमच्या क्लासच्या डोमेनमध्ये बेळगाव आहे. २०१४ ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, मग डोमेन बदलावं लागेल का? आणि मराठीतनं मिळतं का?
– एक शिक्षक, टिळकवाडी

उत्तर : नाही हो, बस स्टँडवरच्या पाट्या बदलल्या म्हणून रजिस्ट्रार तुम्हाला विचारायला येत नाही. उलट घेतलेल्या डोमेनमधलं एक अक्षरपण बदलता येत नाही, नवीनच घ्यावं लागतं. जुनं सोडू मात्र नका, मुदत संपून सुटलं की ते कोण उचलेल सांगता येत नाही. नव्या स्पेलिंगचं पण घ्या आणि ते जुन्यावर वळवा. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतंय, बोर्डावर छान दिसतं, पण बऱ्याच फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल अजून चालत नाही, तेव्हा पालकांना द्यायच्या कार्डावर रोमन पत्ताच छापा. दोन्ही डोमेनच्या मुदती एकाच महिन्यात येतील असं बघा, एकदाच पैसे भरायचे आणि सुटायचं.